भाव आणि मोल : राउटरवाल्या कंपन्यांची गोष्ट

भाव वेगळा आणि मोल वेगळे, हे आमच्या काष्टीत शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही कळते. दर शनिवारी इथे जनावरांचा बाजार भरतो. लांबलांबून खिलार बैल येतात, गाई येतात. घेणारा माणूस आधी भाव विचारत नाही. तो दात बघतो. अदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे? मग खूर, वशिंड, चाल. गाय असेल तर कास आणि वेत. हे सगळे झाल्यावर दलाल मधे पडतो. पूर्वी तर भाव तोंडाने बोलतच नसत, टॉवेलखाली एकमेकांची बोटे दाबून ठरवत. म्हणजे मोल उघड्यावर जोखायचे आणि भाव झाकून बोलायचा!

शेअरबाजारात नेमके उलटे असते. तिथे भाव चोवीस तास डोळ्यांपुढे नाचतो आणि मोल मात्र टॉवेलखाली असते.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. शेअरबाजार हा माझा विषय नव्हे, आणि खाली ज्या कंपन्यांची नावे येतील त्यांपैकी एकीचाही शेअर माझ्याकडे नाही. पण गेली काही वर्षे एका प्रकरणाने मला धरून ठेवले आहे. इंटरनेटसाठी लागणारी यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचे भाव सन २००० च्या सुमारास कुठे गेले, का गेले आणि पुढे त्यांचे काय झाले, हे ते प्रकरण. मला हा चांगला इतिहास वाटतो, कारण यात राजे नाहीत, लढाया नाहीत, तरी लाखो घरांची पुंजी पणाला लागलेली आहे. शिवाय आता आमच्या गावातल्या पोरांच्या मोबाईलमध्येही डीमॅट खाते असते. त्यामुळे हा इतिहास अमेरिकेचा राहिलेला नाही.

आधी ही यंत्रे काय करतात ते सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. आमच्यापासून जवळच दौंड जंक्शन आहे. गाडी मनमाडकडे जायची की सोलापूरकडे, हे तिथे ठरते. राउटर म्हणजे हे जंक्शन. तुम्ही फोनवरून एखादा फोटो पाठवता तेव्हा त्याचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो पत्ता वाचून तुकड्याला योग्य रुळावर घालतो. स्विच म्हणजे गावातला पोस्टमन. गावाबाहेरचे त्याला कळत नाही, पण गावातले प्रत्येक घर त्याला ठाऊक. शाळेच्या संगणक कक्षात भिंतीवर हिरवे दिवे लुकलुकणारा जो डबा असतो, तो बहुधा स्विच. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरातली ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे एमएस-सीआयटी आली आणि आम्हा शिक्षकांनाही माऊस धरावा लागला. हे सगळे ज्या डब्यांवर चालले, ते डबे विकणाऱ्यांची ही गोष्ट.

यातली सर्वांत मोठी कंपनी सिस्को. १९८४ च्या डिसेंबरात लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या नवरा-बायकोने ती काढली. दोघे स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणक सांभाळायचे. १९९० मध्ये कंपनी शेअरबाजारात आली. १९९५ मध्ये जॉन चेंबर्स प्रमुख झाले आणि सिस्को दुसऱ्या लहान कंपन्या एकामागून एक विकत घेत सुटली. त्या दशकात जो कोणी इंटरनेटवर दुकान थाटेल त्याला सिस्कोचा डबा लागणारच, असा हिशेब होता. सोने सापडो न सापडो, खाणीवर कुदळ-फावडी विकणारा तर नक्कीच कमावणार! लोकांना हा हिशेब पटला. मार्च २००० च्या अखेरीस सिस्कोचा शेअर ८० डॉलरवर गेला आणि कंपनीचे एकूण बाजारमूल्य साधारण ५५,५०० कोटी डॉलर झाले. मायक्रोसॉफ्टला मागे टाकून ती काही काळ जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी ठरली.

आता कंपनी खोटी होती का? मुळीच नाही. त्या आर्थिक वर्षात तिची विक्री सुमारे १,८९० कोटी डॉलर होती आणि निव्वळ नफा सुमारे २६७ कोटी डॉलर. माल खरा, गिऱ्हाईक खरे, नफाही खरा. पण ५५,५०० ला २६७ ने भागा. उत्तर येते सुमारे २०८.

या २०८ चा अर्थ काय? समजा तुम्ही ८०,००० रुपयांची गाय घेतली आणि पेंड, चारा, डॉक्टर सगळे वजा जाऊन वर्षाला २०,००० रुपये हाती उरतात. चार वर्षांत गाईचे पैसे वसूल. शेअरवाल्यांच्या भाषेत या गाईचा भाव नफ्याच्या चौपट. सिस्कोचा भाव नफ्याच्या २०८ पट होता. नफा आहे तेवढाच राहिला तर पैसे वसूल व्हायला २०८ वर्षे! आजपासून २०८ वर्षे मागे गेलात तर पेशवाई बुडाली त्या काळात पोहोचाल.

अर्थात घेणारे काही वेडे नव्हते. त्यांचे म्हणणे असे की नफा तेवढाच राहणार नाही, तो दरवर्षी वाढेल. हेही खोटे नाही. आपल्या बाजारातही कालवडीला भाव येतोच की! ती आज एक थेंब दूध देत नाही, पण आई चांगली आहे, अंगाने भरलेली आहे, दोन वर्षांत दूध देईल या भरवशावर माणूस पैसे मोजतो. प्रश्न इतकाच की तो भरवसा किती पैशांचा.

या भरवशामागे तेव्हा एक वाक्य होते. इंटरनेटवरची वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, असे सगळीकडे सांगितले जात होते. वर्ल्डकॉम ही अमेरिकन दूरसंचार कंपनी या वाक्याचा मोठा आधार होती. हे खरे धरले तर वर्षात वाहतूक बारा-तेरा पट होणार आणि कितीही राउटर बनवले तरी कमीच पडणार. पुढे अँड्र्यू ओडलिझ्को नावाच्या गणितज्ञाने दाखवून दिले की वाहतूक वर्षाला साधारण दुप्पट होत होती. दुप्पट ही काही लहान वाढ नाही. पण दुप्पट आणि बारा पट या दोहोंवर एकच भाव बसत नाही. वर्ल्डकॉम २००२ च्या जुलैत दिवाळखोरीत गेली.

दुसरे एक कारण आपल्या लोकांना लगेच कळेल. मोठ्या यंत्र कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांना उधारी देत होत्या. नुसता माल उधार नव्हे, तर माल घ्यायला लागणारे कर्जही हेच देत. ल्यूसंट, नॉर्टेल आणि काही प्रमाणात सिस्कोही यात होती. खतवाल्या दुकानदाराने शंभर शेतकऱ्यांना उधार खत दिले आणि वहीत ‘विक्री झाली’ असे लिहून घेतले, तर वही फुगते. पाऊस पडला तर ठीक. नाही पडला तर शेतकरीही बुडाला आणि दुकानदारही. २००१ मध्ये पाऊस पडला नाही. सिस्कोला सव्वादोनशे कोटी डॉलरच्या आसपासचा माल गोदामात पडून असल्याचे मान्य करून तो हिशेबातून काढून टाकावा लागला. २००२ च्या ऑक्टोबरात शेअर ८ डॉलरच्या जवळपास आला. ऐंशीचे आठ!

आता स्पर्धकांकडे वळू, कारण कंपन्या एकमेकींच्या शेजारी ठेवून जोखल्या तरच काही कळते.

ज्युनिपर ही १९९६ मध्ये स्थापन झालेली कंपनी. संस्थापक प्रदीप सिंधू हे भारतीय वंशाचे. सिस्कोपेक्षा जास्त वेगाने चालणारे राउटर त्यांनी मोठ्या दूरसंचार कंपन्यांसाठी बनवले आणि सिस्कोच्या तोंडचा घास खरोखर काढून घेतला. जून १९९९ मध्ये शेअर ३४ डॉलरला विकायला काढला, तो पहिल्याच दिवशी ९७ च्या वर गेला. २००० च्या ऑक्टोबरात, मधे शेअरची विभागणी होऊनसुद्धा, तो २४० डॉलर ओलांडून गेला. दोन वर्षांनी तोच शेअर पाच डॉलरच्या खाली मिळत होता. यंत्रे मात्र तितकीच चांगली होती. कंपनीही टिकली. अखेर एचपीई कंपनीने जुलै २०२५ मध्ये ती ४० डॉलर शेअरप्रमाणे, सुमारे १,४०० कोटी डॉलरला विकत घेतली. २००० मध्ये ज्याने शिखरावर शेअर घेतला त्याला पंचवीस वर्षे थांबून शेअरच्या भावात रुपयाचे सतरा पैसेही परत मिळाले नाहीत.

सिकॅमोर नेटवर्क्सचे नाव आपल्या भागात कदाचित कोणी ऐकले असेल, कारण तिचे एक संस्थापक गुरुराज देशपांडे. आडनावावरून आपले वाटतील, पण ते हुबळीचे, कन्नड घरातले. त्यांची आधीची कास्केड ही कंपनी उत्तम चालली होती आणि मोठ्या किमतीला विकली गेली होती. म्हणजे आई चांगली होती! सिकॅमोर १९९९ च्या ऑक्टोबरात बाजारात आली. ३८ डॉलरचा शेअर पहिल्या दिवसाअखेर १८४ डॉलरवर. कंपनीचे मूल्य झाले सुमारे १,४०० कोटी डॉलर आणि तिची आधीच्या वर्षाची विक्री होती जेमतेम एक कोटी डॉलरच्या आसपास. नफा नव्हे हो, विक्री! कालवडसुद्धा म्हणता येणार नाही, गाय नुकतीच गाभण राहिली आहे आणि तिच्या पोटातल्या कालवडीचा सौदा चालू आहे, असा तो प्रकार. गिऱ्हाइके आटल्यावर शेअर कोसळला. पण कंपनीने तेजीच्या काळात लोकांकडून उभी केलेली रोकड तशीच बँकेत होती. पुढे बरीच वर्षे बाजार या कंपनीला तिच्या रोकडीच्या आसपासचाच भाव देत राहिला, म्हणजे तिच्या धंद्याला जवळपास शून्य. शेवटी विशेष लाभांश वाटून २०१३ मध्ये तिने गाशा गुंडाळला.

आणि थ्रीकॉम. ही माझी सर्वांत आवडती गोष्ट. संगणक एकमेकांना जोडण्याची इथरनेट ही पद्धत शोधणारे रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७९ मध्ये ती काढली होती. यूएस रोबोटिक्स ही मोडेम बनवणारी कंपनी तिने घेतली, तिच्यासोबत पाम हा हातात मावणारा छोटा संगणकही आला. थ्रीकॉमने पामची वेगळी कंपनी केली आणि २ मार्च २००० रोजी तिचे सुमारे पाच टक्के शेअर लोकांना विकले. उरलेले ९५ टक्के स्वतःकडे ठेवले आणि जाहीर केले की पुढे थ्रीकॉमच्या प्रत्येक शेअरमागे पामचे सुमारे दीड शेअर देऊ. पहिल्या दिवशी पाम ९५ डॉलरवर बंद झाला. दीड पाम म्हणजे १४२ डॉलर. मग थ्रीकॉमचा भाव किमान तेवढा हवा, शिवाय तिचा स्वतःचा धंदा आणि रोकड वेगळीच. प्रत्यक्षात थ्रीकॉम त्या दिवशी ८१ डॉलरवर होता! म्हणजे बाजाराच्या मते थ्रीकॉमच्या उरलेल्या धंद्याची किंमत उणे ६० डॉलर. वासरासकट गाय स्वस्त आणि नुसते वासरू महाग. काष्टीच्या बाजारात असा सौदा कोणी सांगितला तर लोक त्याला आधी पाणी पाजतील.

या प्रकरणावर पुढे अर्थशास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहिले. मला त्यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. हजारो हुशार माणसे भाव ठरवतात म्हणून तो बरोबरच असणार, हे म्हणणे काही वेळा साध्या गुणाकारातही नापास होते.

नॉर्टेलबद्दल लिहिताना मात्र हसू येत नाही. कॅनडातली ही जुनी, प्रतिष्ठित कंपनी. शिखरावर असताना टोरोंटोच्या शेअरबाजाराच्या निर्देशांकात एकट्या नॉर्टेलचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त होता. म्हणजे कॅनडातल्या ज्या माणसाने नॉर्टेलचे नावही घेतले नव्हते, त्याचेही निवृत्तीचे पैसे म्युच्युअल फंडांमार्फत तिच्यात अडकले होते. जानेवारी २००९ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. तिच्या पेन्शनरांच्या पेन्शनला कात्री लागली, आजारपणामुळे घरी बसलेल्या कामगारांचे भत्ते बंद झाले. मी स्वतः पेन्शनवर जगणारा माणूस आहे. महिन्याच्या सुरुवातीला खात्यात जमा होणारी रक्कम कमी झाली तर घरात काय होते, हे मला कोणी समजावून सांगायला नको. आपल्याकडेही २ जुलै २००१ रोजी यूटीआयने यूएस-६४ योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली होती. ‘सरकारी आहे, काही होत नाही’ म्हणून त्यात पैसे ठेवणारे शिक्षक, कारकून, विधवा बाया किती होत्या ते माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल.

आता घराजवळ येऊ. असे डबे बनवणारा आपल्याकडे कोणी होता का? होता. आणि तो मुंबई-पुण्यात नव्हे, गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत. कमलाक्ष नाईक या उद्योजकाने नव्वदीच्या दशकात हा उद्योग उभा केला आणि तैवानच्या डी-लिंक कंपनीशी भागीदारी केली. आपल्या देशातल्या कितीतरी कार्यालयांत, सायबर कॅफेंत आणि शाळांत डी-लिंकचे डबे बसले. सिस्को मोठ्यांची, डी-लिंक सामान्यांची, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे भागीदारांच्या वाटा वेगळ्या झाल्या. २००९ च्या सुमारास कंपनीची विभागणी झाली. डी-लिंक नावाचा माल विकण्याचा धंदा डी-लिंक इंडिया या वेगळ्या कंपनीत गेला, तिच्यात बहुमताचा वाटा तैवानवाल्यांचा. नाईकांकडे राहिली ती स्मार्टलिंक. शेअरधारकांना दोन्हीकडचे शेअर मिळाले. भावाभावांत वाटणी होऊन एकाला दुकान आणि दुसऱ्याला वाडा-विहीर-वावर मिळावे, तशी ही वाटणी. स्मार्टलिंककडे कारखाना होता, जागा होती आणि डिजिलिंक नावाचा, इमारतींमध्ये नेटवर्कच्या तारा आणि जोडण्या पुरवण्याचा धंदा होता. स्मार्टलिंकने डिजिसोल या नावाने स्वतःचे राउटर-स्विचही विकायला काढले, म्हणजे कालचे भागीदार एकमेकांचे स्पर्धक झाले.

मग २०११ मध्ये स्मार्टलिंकने डिजिलिंक श्नायडर इलेक्ट्रिकला ५०३ कोटी रुपयांना विकली. दुभती गाय विकून रोकड घेतली म्हणा ना! पुढल्या वर्षांत कंपनीने ही पुंजी जपून ठेवली, काही भाग वापरून आपलेच शेअर लोकांकडून परत विकत घेतले, तेही एकदा नव्हे अनेकदा. २०१८ मध्ये तिचे नाव स्मार्टलिंक होल्डिंग्ज झाले आणि डिजिसोल वगैरे धंदे तिच्या उपकंपन्यांत गेले. दुसरीकडे डी-लिंक इंडियाची वर्षाची विक्री १,००० कोटी रुपयांच्या पुढे गेली.

या दोन कंपन्यांमुळेच खरे तर मी हा लेख लिहायला बसलो. माझा एक जुना विद्यार्थी आहे, आता चाळिशी ओलांडलेला, दुधाचा धंदा करतो. मागच्या वर्षी त्याच्या हातात दोन लाख रुपये आले होते. तो या दोन नावांचा कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “सर, एकाच घरातल्या दोन कंपन्या आहेत. हिचा भाव जास्त, हिचा कमी. कमीवाली स्वस्त पडेल ना?”

मी त्याला म्हटले, “बाजारात तू अर्ध्या गाईचा आणि पाव गाईचा भाव विचारून तुलना करतोस का?”

शेअर म्हणजे कंपनीचा तुकडा. तुकडे किती केलेत हे कळल्याशिवाय एका तुकड्याच्या भावाला अर्थ नाही. डी-लिंक इंडियाचे शेअर साडेतीन कोटींच्या आसपास आहेत, तर स्मार्टलिंकचे, तिने परत घेत घेत कमी केल्यामुळे, एक कोटीच्या आत. म्हणून आधी भावाला तुकड्यांच्या संख्येने गुणायचे, अख्ख्या गाईची किंमत काढायची. हा पहिला धडा.

दुसरा धडा असा की दोन्ही कंपन्या एकाच तराजूत बसत नाहीत. डी-लिंक इंडिया हे चालते दुकान. तिच्याकडे जमीनजुमला कमी, उलाढाल मोठी. तिला नफ्याने जोखायचे, म्हणजे किती वर्षांत पैसे वसूल होतील हे बघायचे. माल दुसऱ्याच्या नावावर आणि दुसऱ्याच्या तंत्रावर विकायचा असल्याने नाव देणारा मालक उद्या काय ठरवेल, हा तिचा धोका. स्मार्टलिंक ही पुंजी बाळगणारी कंपनी. तिला नफ्याने जोखले तर गणित चुकते, तिच्याकडे काय काय आहे याची बेरीज करावी लागते. ही बेरीज, म्हणजे पुस्तकी किंमत, तिच्या बाजारभावापेक्षा अनेक वर्षे जास्त राहिली. वरून बघता रुपयाची वस्तू बारा आण्यांना मिळते असे वाटते. पण वाड्यातली तिजोरी कितीही भरलेली असली तरी किल्ली कोणाकडे आहे? वाडा विकून पैसे वाटायचे की नाही हे लहान शेअरधारक ठरवत नाही, ते मालक ठरवतो. म्हणून बाजार अशा कंपन्यांना नेहमीच थोडा कमी भाव देतो. सिकॅमोरच्या बाबतीत जे अमेरिकेत झाले, तेच.

त्याने विचारले, “मग सर, तुम्ही कुठली घेतली असती?”

मी विचारले, “हे पैसे कशाचे?”

तर ते मुलीच्या नर्सिंगच्या फीचे होते. पहिला हप्ता भरलेला, पुढचा वर्षाने, त्यापुढचा दोन वर्षांनी. इथे मात्र मला तराजू खाली ठेवावा लागला. सिस्को ही जगातली एक उत्तम कंपनी. ८० चा भाव पुन्हा बघायला तिला डिसेंबर २०२५ उजाडावे लागले. मधल्या काळात तिची विक्री तिप्पट झाली, नफा जवळजवळ चौपट झाला, २०११ पासून ती लाभांशही देत आली. कंपनीने आपले काम चोख केले. तरी शेअर पंचवीस वर्षांनी तिथल्या तिथे! ज्याला पंचवीस वर्षे थांबता येते त्याचे काय ते तो बघेल. मुलीची फी पंचवीस वर्षे थांबत नाही.

त्याने फीचे पैसे पोस्टात ठेवले. तो थोडा हिरमुसला होता, आणि उद्या त्यातला एखादा शेअर दुप्पट झाला तर तो मला बोलही लावील. लावू दे. तेवढे ऐकून घेणे हा मास्तरकीचाच भाग आहे.

हे सगळे आज पुन्हा आठवायचे कारण म्हणजे आता कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आहे आणि पुन्हा कुदळ-फावडी विकणाऱ्यांचे दिवस आले आहेत. एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीचे मूल्य ऑक्टोबर २०२५ मध्ये ५ लाख कोटी डॉलरवर गेले. नेटवर्कच्या धंद्यात अरिस्टा ही तुलनेने नवी कंपनी सिस्कोला टक्कर देते. तिच्या प्रमुख जयश्री उल्लाल, त्या आधी सिस्कोतच होत्या. अरिस्टाची २०२४ ची विक्री सुमारे ७०० कोटी डॉलर, सिस्कोची ५,००० कोटींहून जास्त. तरी २०२५ मध्ये बाजार अरिस्टाला सिस्कोच्या निम्म्याच्या आसपास मोल देत होता. कारण तेच, कालवडीचे. आजच्या या कंपन्यांचा नफा मोठा आहे आणि भाव त्या मानाने २००० च्या सिस्कोइतका चढलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुसरीकडे, यंत्र विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकात पैसे गुंतवायचे आणि गिऱ्हाइकाने त्याच पैशांतून यंत्र घ्यायचे, असे व्यवहार पुन्हा दिसू लागले आहेत. खतवाल्याची वही आठवते.

म्हणजे आता कोसळणार का? ते मला विचारू नका. इतिहासाचा मास्तर भविष्य सांगायला लागला की समजावे, त्याचे दोन्ही विषय गेले. इतिहासावरून एवढेच म्हणता येते की २००० साली ज्यांनी ‘इंटरनेट जग बदलणार’ असे म्हटले ते शंभर टक्के बरोबर ठरले, आणि त्यांच्यातल्याच अनेकांचे पैसे गेले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. भविष्य ओळखले म्हणून भाव ओळखला असे होत नाही.

आमच्या बाजारात म्हातारी माणसे नव्या पोरांना एक गोष्ट हमखास सांगतात, की ज्या बैलाभोवती गर्दी जास्त त्याचे दात दोनदा बघावेत. बैल वाईट असतो म्हणून नव्हे. गर्दीत हात तोंडापर्यंत पोहोचत नाही, आणि माणूस न बघताच इसार देऊन मोकळा होतो म्हणून.

असो. तुमच्यापैकी कोणी त्या काळात या कंपन्यांत नोकरी केली असेल किंवा त्यांचे शेअर घेतले असतील, तर तुमचा अनुभव वाचायला मला नक्की आवडेल.